टोकाजवळची खाच

बसलिंगप्पा हडपदच्या वस्तऱ्याला
टोकाजवळ एक खाच होती,
उंदराने नखभर कुरतडल्यासारखी.

दुकान अशोक चौकातून आत, बोळात.
दोन खुर्च्या, त्यातली एक मोडकी,
आणि मी, नववी नापास,
पाणी तापवायला, चामोटं ताणून धरायला.

बाकी सगळं त्याने पहिल्या आठवड्यातच सांगून टाकलं.
हे कचकड्याचं म्यान, याला मूठ म्हणायचं नाही,
मूठ म्हणशील तर मुठीत धरशील.
ही शेपूट, वर वळलेली, करंगळी टेकायला.
करंगळी जागेवर असली
की गळ्यापाशी हात चुकत नाही.
मानेखाली या बारीक रेघा,
साबणाचा अंगठा घसरतो, त्यासाठी.
पोट दोन्हीकडून खोल घासलेलं,
पातळ, म्हणून ते बोलतं.
केसावर चाललं की खर्र,
कातडीवर गेलं की गप्प.
गप्प झालं की थांब.

आणि पाठ जाड.
मला वाटलं, वजनासाठी.
"येडा हैस का बे," म्हणाला,
आणि पथरीवर वस्तरा आडवा ठेवला:
पाठ टेकलेली, धार टेकलेली,
मधून पोटाखालून उजेड जात होता.
"किती तिरकं धरायचं, ते पाठ सांगती.
धार झिजती तशी पाठबी झिजती.
चाळीस वर्षं झाली, कोन हलला नाही."
चामोट्यावर वळवायचा तोही पाठीवरून.
एकदा मी धारेवरून वळवला.
चामड्यात गेलेला तो काप तसाच राहिला.
तिथे आला की त्याचा हात थोडा उचलायचा
आणि मी खाली बघायचो.

राहिली खाच.

बाकड्यावर तिच्याबद्दल मतं होती.
जॉबर दुंडय्या म्हणे, उघडायला. नख घालायचं, ओढायचं.
(बसलिंगप्पा उघडायचा तो शेपटीने, अंगठ्याने.)
कन्नड शाळेचे हिरेमठ गुरुजी म्हणाले, शोभा.
घोड्याच्या कपाळावर टिळा असतो, तसं.
गड्ड्याच्या जत्रेत पाळणा फिरवणारा एकजण, नाव विसरलो,
म्हणाला, नाकातल्या केसांना,
आणि खुर्चीतल्या माणसाने दोन्ही हातांनी नाक झाकलं.

बसलिंगप्पा तुरटी पुसत होता.
"बापाला मीबी हेच विचारलोतो," म्हणाला.
"तो म्हणला, त्येच्या बापाला विचारायचं राहिलं."

उन्हाळ्यात एकदा पाळी सुटून
व्यंकटय्या चिलवेरी आला, चादरीच्या कारखान्यातून सरळ.
भुवयांवर कापूस, मिशीवर कापूस,
कानाच्या पाळीला लाल सुताचा धागा,
घामाने चिकटलेला, गळ्याकडे उतरून
फेसाखाली हरवलेला.
मला दिसला नाही.
त्यालाही दिसला नसेल, हाताला कळला.
वस्तरा गप्प नव्हता, खर्र पण नव्हता,
तिसराच कसला तरी आवाज.
तो थांबला. मनगट जरा फिरवलं.
धागा खाचेत बसला
आणि त्याने ओढला, सावकाश,
वीतभर, मग आणखी थोडा,
जणू माणूस उसवतोय.
व्यंकटय्याने डोळे उघडले नाहीत.
धागा फेसासकट माझ्या तळहातावर आला.

"म्हणजे यासाठी?"
"आज यासाठी," म्हणाला,
आणि दुसऱ्या गालाकडे वळला.

आता माझ्या दुकानात अर्ध्या ब्लेडचा वस्तरा.
दर गिऱ्हाइकाला नवं पान,
झालं की कागदात गुंडाळून टाकायचं.
पाठ त्यालाही आहे, तिला काम नाही.

बसलिंगप्पाचा खालच्या खणात असतो.
धार मेलीय. अधूनमधून तेल लावतो.
परवा पोरीने काढला,
टोकावरून बोट फिरवलं,
म्हणाली, इथे मोडलाय की ओ बाबा.
मी उजेडात धरून बघितलं.
खाचेत जरा लाल होतं.
गंज असेल.