ऐंशी मिलिसेकंद

मायक्रोफोन ठेवायचा कानाच्या उंचीवर,
असं पुस्तिकेत लिहिलंय.
कुणाच्या कानाच्या, ते लिहिलेलं नाही.

मी रव्याच्या डब्यावर पोह्यांचा डबा चढवून
सोफ्याच्या मधोमध उंची जमवली.
पंखा बंद. फ्रीज बंद.
खाली कुल्फीवाला घंटी वाजवत उभा,
तो पुढे सरकेपर्यंत थांबले.
मंदार पीथमपूरला, सेकंड शिफ्टला.
पेटी त्याने आणली हप्त्यांवर,
जोडायची मी.

मग एकेक स्पीकर शिट्टी घालू लागला:
पुढचा डावा, मधला, पुढचा उजवा,
मागचा, तो देवाच्या फळीवर, समईला खेटून.
टीव्हीवर आकडे आले.
दोन मीटर दहा. एक ऐंशी.
भिंत कुठे, पडदा किती आवाज खातो,
सगळं त्या एवढ्याशा काळ्या बोंडाला कळलं.
एवढंच नाही कळलं
की मधोमध आमच्याकडे कुणी बसत नाही.

अण्णा बसतात दाराशी, प्लास्टिकच्या खुर्चीत,
डावा कान घराकडे करून.
उजवा त्यांनी साचेखात्यात ठेवला,
नंदानगरहून सायकलने जाऊन-येऊन, बत्तीस वर्षं.
मिल बंद झाली तेव्हा हिशेबाच्या कागदावर
त्याचा रकाना नव्हता.

त्यांच्यासाठीच तर हे.
"भाभीजी, डायलॉग सब सेंटर में रहता है,
बस सेंटर बढ़ा देना," दुकानदार म्हणाला होता.
मी सेंटर तीनने वाढवला. मग पाचने.
बेस उतरवला, खालच्या तिवारींची भांडी वाजतात म्हणून.
नाइट मोड लावला, काढला.
सिनेमातली बाई इतकी स्पष्ट रडली
की मलाच कानकोंडं झालं.

"आता येतंय नीट ऐकू?" मी ओरडले.
"येतंय. ओरडू नको.
पण ती बाई उशिरा बोलतेय."
"उशिरा म्हणजे?"
"ओठ आधी, आवाज मागून.
धोटा पलीकडे गेल्यावर खटका ऐकू यावा, तसं."

मी पुढे सरकून पाहिलं.
मला तर दोघं एकाच रिक्षातून उतरल्यासारखे दिसले.

अण्णा सांगू लागले, नेहमीसारखं अर्धंमुर्धं.
चारशे साचे एकदम चालायचे,
तिथे शब्द कानापर्यंत कुठला पोचतोय.
समोरच्या रांगेत बद्रीलाल. त्याचे ओठ बघायचे.
कांडी संपली. जॉबर आला. चहा.
मुलगी झाली, उद्या पेढे.
तंबाखू धरली असली ओठाखाली
की बद्रीलाल तोतरा दिसायचा.
"त्याचा आवाज नीट ऐकला तो
गेटला कुलूप लागलं त्या दिवशी, फाटकाबाहेर.
बारीक निघाला.
मी आपला घोगरा धरून चाललो होतो."

मेनूत खोल, पाच दारांच्या आत, एक ओळ सापडली:
विलंब, एकशेवीस.
मी दहाने कमी केला.
अण्णांनी बोट वर केलं. अजून.
शंभर. अजून.
नव्वदला यंत्र क्षणभर मुकं झालं
आणि मला वाटलं, बिघडवलं.
सत्तर. साठ.
ते रडणं बघत नव्हते,
फक्त हनुवटी बघत होते त्या बाईची,
सुताचा धागा तुटतोय का बघावं तशी.
चाळीसला बोट खाली आलं.

खरं सांगू? मला काहीच फरक कळला नाही.
बाई होती तशीच रडत होती.

रात्री साडेबाराला मंदार आला,
जेवणाचं ताट घेऊन सोफ्याच्या मधोमध बसला,
"सेंटर केवढा वाढवलायस," म्हणाला,
आणि सगळं पुन्हा सपाट करून ठेवलं.
ती एक ओळ राहिली.
पाच दारं उघडायचा त्याला कंटाळा.

सकाळी स्वयंपाकघराच्या दारातून
मी आवाज न काढता नुसत्या ओठांनी म्हटलं,
अण्णा, पोहे झाले.

"जिरावण घाल वरून," ते म्हणाले,
एवढ्या मोठ्याने
की मंदार झोपेतून उठून बसला.