बुडीत सापळ्याची कडी

न्यूलिनच्या धक्क्यावर, बर्फाच्या कारखान्यामागे
एका शेडमध्ये कंपनी होती.
माणसं तीन, केटल एक.
शेवंडांच्या सापळ्यांसाठी ती कड्या बनवायची.
वादळात दोर तुटून सापळा तळाशी गेला, तर
नव्वद दिवसांत कडी खाऱ्या पाण्यात विरघळते,
दार आपोआप उघडतं.
एरवी हरवलेला सापळा
कुणासाठीच नसताना पकडत राहतो, वर्षानुवर्षं.

लव्हडे नॅनकिव्हल, निवृत्त भूलतज्ज्ञ, वय एकाहत्तर,
हिने त्यात आठ हजार पौंड घातले
आणि मग माझ्याकडे आली.
मग. आधी नाही.
मी तिचा हिशेबनीस. म्हटलं, निम्मे आयकरातून सुटतील,
फक्त तीन वर्षं शेअर विकायचे नाहीत.
"विकत घेणारा आहे कोण?" ती म्हणाली,
आणि माझ्या बशीतलं शेवटचं बिस्कीट उचललं.

दुसऱ्या हिवाळ्यात
कड्या चाळिसाव्या दिवशीच विरघळल्या.
न हरवलेले सापळे
उघडे, रिकामे, पाणी गाळत वर आले.
धक्क्यावर हशा पिकला.
सगळ्यात मोठ्यांदा हसला तिचाच दीर, हेडली.
मार्चमध्ये शेडला कुलूप लागलं. केटलसुद्धा लिलावात गेली.

मी पुन्हा कागद मांडले.
चार हजार आधीच सुटलेले.
उरलेल्या चार हजारांचं नुकसान उत्पन्नातून वजा,
तुमच्या दराने सोळाशे परत.
म्हणजे खरे गेले ते चोवीसशे.

ती आकड्यांकडे बघत राहिली.
खिडकीबाहेर एक समुद्रपक्षी
कुणाची तरी पेस्टी घेऊन पळाला.
"चाळीस वर्षं," ती म्हणाली,
"लोकांना उलटे आकडे मोजायला लावून झोपवलं.
उठवेन, असं लेखी मात्र एकालाही दिलं नाही.
आणि इथे कुणीतरी कचेरीत बसून
पियरनसारखा पोरगा चुकेल
हे आधीच धरून ठेवलं होतं?"
"हो. कलम आहे."
"म्हणजे कडी आहे," ती म्हणाली.
जरा थांबून, "वेळेवर विरघळणारी."

"आणि ते चोवीसशे? कुठे दाखवू?"
"अक्कलखाती."
"त्यावर सवलत नाही."
"मग करही नसेल."

कोट घालून ती दारापर्यंत गेली, परत फिरली,
ओली छत्री माझ्या फायलींवर ठेवली.
पियरन म्हणे आता दुसरा धातू बघतोय,
झिंक कमी असलेला.
तिने पर्समधून चेकबुक काढलं.
"या वेळी," ती म्हणाली, "आधी आले बघ."