खंड

नियमाचं ते पान मला तोंडपाठ आहे :
'मुदतीची नेमणूक मुदत सरताच
आपोआप संपुष्टात येईल;
वेगळी सूचना देणं बंधनकारक नाही.'
यातला 'आपोआप' माझाच.
मूळ मजकुरात होतं : 'पूर्ण हक्कानिशी'.
म्हणजे हक्क होता, नेमणुकीचा होता,
संपण्याचा.
भाषांतरात तेवढा गाळला मी,
वाचणाऱ्याचा गोंधळ नको म्हणून.

आल्तिनोच्या चढावर दूतावासाची पायरी,
अकरा महिने माझी.
मग एकोणतीस दिवसांचा खंड,
सेवा सलग आहे असं कुणाला वाटू नये यासाठी.
मग पुन्हा अकरा. असे पाच वेळा.

मुदत त्यांनाही असते, वरच्यांना.
तीन वर्षं झाली की कौन्सुल
पेट्या, पियानो आणि म्हाताऱ्या कुत्र्यासकट लिमाला जातो,
दुसरी येते, तिला आधी माशांचा वास लागतो, मग आवडतो,
तोवर तिचंही माप्पुतोचं पत्र येतं.
मुदत संपली की त्यांना शहर मिळतं.
मला म्हार्दोळ,
भर दुपारी, ओसरीवर, आई जायांच्या कळ्या गुंफताना.
आज रजा गो?
खंड.
म्हणजे रजाच ना?
मी दोऱ्याचं टोक धरून बसते.

बाराव्या दिवशी गेले.
भिंग खणात राहिलं होतं, माझं स्वतःचं.
फाटकावर कोंसेसांवनं वही पुढे केली.
पाच वर्षं रोज माझ्याकडून खाजें घेणारा माणूस,
मान खाली घालून म्हणाला, बाय, नियम.
नाव : दर्शना लोटलीकार.
कुणाला भेटायचंय : कुणाला नाही.
काम : भिंग.

खिडकीशी दिवाडीचा एक म्हातारा, सिल्वेरियो,
आणि काचेपलीकडे नवा मुलगा,
नव्वद वर्षांपूर्वीच्या नोंदीवर नाक टेकलेलं.
मला पाहून त्यानं कागद काचेखालून सरकवला,
जणू मी आतच होते.
बापाचा व्यवसाय, हा शब्द. फक्त हा.

वाळवीनं मधली दोन अक्षरं नेलेली.
मी उभ्या उभ्याच वाचलं :
आमानुएन्स इंतेरीनु.
लेखनिक. तात्पुरता.

कितीपर्यंत, म्हाताऱ्यानं विचारलं.
ते लिहिलेलं नाही.
तो हसला. पपा तर तिथंच गेले, टेबलावर.
पेटीत ठेवले तेव्हासुद्धा
बोटं निळी होती.

मुलानं रकाना भरला, 'लेखनिक'.
पुढचा शब्द नव्या अर्जात मावत नाही.
मी काही बोलले नाही.
या महिन्यात बोलायचा मला पगार नाही.

फाटकावर पुन्हा वही :
जाण्याची वेळ.
हातानं सवयीनं साडेपाच लिहिले.
वाजले होते पावणेबारा.
कोंसेसांवनं पाहिलं,
खोडलं नाही.