कमाल

कुहमोच्या लाकूडगिरणीत रात्री अकराला
बाहेर उणे सत्तावीस, आत हीटरवर सुकणाऱ्या हातमोज्यांचा वास.
येरेनं चाचणी लावली:
चार थ्रेड.
झोपायचं, ठरल्या क्षणी उठायचं,
घड्याळ बघायचं, किती उशीर झाला ते लिहायचं
आणि परत झोपायचं.
पहिला दर हजार मायक्रोसेकंदांनी,
पुढचा प्रत्येक पाचशेनं सावकाश.
अग्रक्रम अठ्ठ्याण्णव.

सकाळी, कमाल उशीर: अकरा.
अकरा मायक्रोसेकंद!
त्यानं कागद छापून कॉफीच्या यंत्रावर डकवला.

सायमी केरानेननं कोट न काढता तो वाचला.
"करवत कितीवर चालते?"
"चाळीसवर."
"मग अठ्ठ्याण्णववर बसून
तू कुणाचा उशीर मोजलास?"

येरे गप्प.
पहिल्या पंगतीत बसून उठणाऱ्याला
कसं कळावं
शेवटच्या पंगतीत भात पुरला की नाही.
त्याच्यासाठी सगळे बाजूला सरकले होते,
नेटवर्क, डिस्क, टायमर,
सगळ्यांनी वाट दिली होती
आणि तो म्हणाला होता, रस्ता मोकळा आहे.

तिनं अठ्ठ्याण्णव खोडलं. चाळीस.
मग हजार खोडलं.
"हे का?"
"हजार, दीड हजार, दोन, अडीच.
सगळे ठरलेल्या समेवर येणारे.
जो नेमका दोन मात्रांच्या मध्ये येऊन जातो
त्याची नि तुझी जन्मभर चुकामूक."
तिनं लिहिलं नऊशे सत्त्याण्णव,
पाचशेच्या जागी एकतीस.
वेडेवाकडे, कशानं भाग न जाणारे आकडे,
कुणाच्याही दारात अवेळी टपकतील असे.

"आणि पट्टा चालू कर. कॅमेरेही.
रिकाम्या घरात कुणीही वेळेवर उठतं."

दुसरी रात्र.
नऊ. चौदा. तेरा. सोळा.
येरे खुर्चीत पेंगला,
स्क्रीनवर आकडे हलत राहिले
तळ्यातल्या बर्फाखाली मासा हलावा तसे.
तीन चाळीसला,
एकदाच,
चार हजार तीनशे बारा.

नंतर सापडलं:
त्या वेळी दिवसभराच्या फळ्यांचा हिशेब
मुख्य कचेरीला जातो,
आणि ज्या वाटेनं जातो
तिचा अग्रक्रम पन्नास.
नेकीनं आपलं काम करत होता बिचारा.

सरासरी मात्र अजून दहाच होती.
सरासरीला काही आठवत नाही.

सहाला तौनो आला,
चाळीस वर्षं करवतीवर,
उजव्या हाताची दोन बोटं अर्ध्यावर थांबलेली.
ते जुन्या करवतीवर झालं,
तिच्यात मोजण्यासारखं काहीच नव्हतं.
त्यानं कागद बघितला, मग स्क्रीन.
"केवढं झालं हे?"

येरेनं मनात गुणाकार केला.
ओंडका सेकंदाला अडीच मीटर.
"अकरा," तो म्हणाला,
आणि त्याचा त्यालाच आवाज बदललेला वाटला,
"अकरा मिलिमीटर."

तौनोनं अंगठा आणि तर्जनी
तेवढी उघडून धरली,
बराच वेळ,
जणू त्या फटीतून काही दिसतंय.
मग कॉफी ओतून घेतली.

कागद कुणी काढला नाही.
सायमीनं अकराखाली पेन्सिलनं
चार हजार तीनशे बारा लिहिलं,
तारीख घातली.

येरेनं हिशेबाची वाट तिसावर उतरवली,
चाचणी पुन्हा लावली,
या वेळी आठवडाभरासाठी,
आणि कमालीच्या आकड्यासाठी
रकाना जरा रुंद ठेवला.