दुपारची गोळी

लोबो सिस्टरने दोनदा बजावलं :
पांढरी सकाळच्या जेवणावर, पांढरी दुपारच्या,
लाल मात्र रात्री.
पांढरीची नि लालची गाठ पडू द्यायची नाही,
सवती आहेत त्या.
प्रसूतिगृहाच्या बाकांवर आम्ही सोळाजणी हसलो.
मग तिने आवाज खाली आणला :
तुम्ही नाही घेतलंत तरी बाळ थांबत नाही.
तुमच्या हाडांतून काढून घेतं.
विचारत नाही.

पाचवा महिना. माझगावात चौथा मजला.
गोळी पावट्याहून मोठी, मधोमध रेघ.
रेघेवर मोडते, तरी घशाशी अडते,
टाळूला चिकटते,
फळा पुसताना तोंडात गेलेल्या खडूसारखी.
नंदेश डेपोतून फोन करतो : घेतलीस?
घेतली.
पाच दिवसांच्या गोळ्या मेथीच्या डब्यात आहेत,
दाण्यांखाली.

आई उरणहून आली आहे राहायला.
माझ्या ताटात मांदेली वाढते,
काट्यासकट चाव म्हणते,
आणि स्वतः आमटीत भाकरी कुस्करते.
वरच्या ओळीत तीन दात.
गेल्या शिमग्यात दार ओढताना,
नुसतं दार ओढताना,
तिचं मनगट मोडलं.
लेकरामागे एक दात जायचाच, म्हणते,
जशी काही घरपट्टी.
मी मोजते : दादा, ताई,
मधला एक राहिला नाही तो, आणि मी.
माझा कुठला, हे विचारवत नाही.

आज मेथी फोडणीला घ्यायला
डबा तिनेच उघडला.
काही बोलली नाही.
एक गोळी पदराला पुसली,
म्हणाली, बघू तरी कसली असते,
आणि तोंडात टाकली.

गिळली नाही.
हिरड्यांवरून फिरवत राहिली, डोळे मिटून,
विसरलेलं नाव जिभेवर यावं तशी.

पाटीवरची पेन्सिल, म्हणाली.

आई शाळेत गेलेली नाही.

तुझ्या वेळेला गं. जीव नुसता मागायचा.
दादाच्या दप्तरातून रोज एक.
चुलीमागे बसून खायची, कडाकडा.
तो बिचारा मास्तरांचा मार खायचा,
पेन्सिल हरवली म्हणून.

फोन वाजत होता. डेपोतून असणार.
मी मेथीतली दुसरी गोळी काढली,
रेघेवर मोडली नाही,
अख्खी टाकली, वर तांब्याभर पाणी.

त्याला सांगू नकोस हं, आई म्हणाली,
पन्नाशीला आला आता,
आणि तोंडावर पदर धरून
तीन दातांनी हसली.