पुन्हा सांगा

काल रात्री आई लोहगावची कंट्रोलर झाली होती.
मांडीवर मेथीची जुडी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर,
माझ्या वहीतून वाचत: उजवीकडे वळा, दिशा शून्य सात शून्य,
चार हजार फुटांवर उतरा.
मी म्हणायचं तेच, तसंच, शेवटी विमानाचं नाव.
तिनाला ट्री, नवाला नायनर ऐकून तिला हसू आवरेना.
मग म्हणाली, आम्हीही कॅम्पातल्या एक्स्चेंजला
नंबर परत म्हणून घेतल्याशिवाय प्लग लावत नसू.
एकदा मी लावला. अंदाजाने.
पुढे बोलली नाही. देठ गोळा करत राहिली.

आज ढगात आहे.
काच दुधाळ, पंखाचं टोकसुद्धा नाही.
कान शपथेवर सांगतायत की आपण कलतोय,
तबकडीतली रेघ म्हणते, सरळ आहेस.
रेघेचं ऐकायचं.
रणपिसे सर शेजारी, मुद्दाम गप्प.
हेडफोनात मात्र दाटी:
घसा बसलेला एक, दिल्लीहून आलेला,
एक हवाई दलाचा, अर्धे शब्द गिळणारा,
सगळ्यांत मिळून दार एकच.
दोघं एकदम घुसले की नुसती शीळ.

माझा आकडा त्या शिळेखाली गेला.
उजवीकडे, शून्य सात शून्य, उतरा,
शीळ,
फूट.

मी बटण दाबलं आणि तोंडून आलं
चार हजार.
मेथीचा वास असलेलं चार हजार.

निगेटिव्ह. सहा. सहा हजार.
बाईचा आवाज. राग नाही, घाईही नाही.
सहा हजार, मी म्हणाले,
आणि गुडघ्यावरच्या कागदातला चार
कागद फाटेपर्यंत खोडला.

खाली कुठेतरी सिंहगड होता, चार हजार तीनशे.
दिसला नाही.
सरांनी नकाशावर बोट ठेवलं, उचललं, बस.

पुढे तिने मला टॉवरकडे सोपवलं. नमस्कार.
मीही नमस्कार. तिचं नाव कळायचं नाही.
जोडून दिलं की मधून निघायचं, आईच्या नोकरीतला नियम.

घरी आल्यावर आईने विचारलं, किती म्हणाले मग?
सहा.
सहा, ती म्हणाली.

तेव्हा मी विचारलं,
तू अंदाजाने जोडलास तो फोन कुणाचा होता गं?

पुन्हा सांग, ती म्हणाली, ऐकू नाही आलं.

मिक्सर बंद होता.