वेल्डरची काच

ओतिया त्या भिंगाला 'म्हातारी' म्हणतो.
कडेला बुरशीची नक्षी, पात्यांवर जुनं तेल,
अंतराचं कडं फिरता फिरता अडखळतं
चार मीटरच्या खुणेपाशी, दुखऱ्या गुडघ्यासारखं.

फिल्टर त्यानं विकत घेतलेला नाही.
रुस्तावीच्या पोलाद कारखान्यात सव्वीस वर्षं
डोळ्यांपुढे धरलेली वेल्डिंगची काच
रबरानं बांधतो म्हातारीच्या तोंडावर,
आणि भर दुपार हिरवी-काळी होते.
म्हणून आधी चौकट, आधी फोकस. मग काच.
त्यानंतर आत काहीच दिसत नाही,
नुसता आवाज ऐकत उभं राहायचं.

बीचच्या झाडांमागून धबधबा कोसळतोय.
ओतिया तार दाबतो, मोजू लागतो.
जॉर्जियात चाळीस म्हणजे दोन विशा,
साठ म्हणजे तीन.
दुसरी विशी नुकती लागली
तशी नार्गिझा आली गाय हाकत,
"अजून तेच पाणी?" म्हणाली,
ओंजळभर प्यायली, गायही प्यायली,
गेल्या दोघी चढावरून.
मोजणी न मोडता त्यानं मान हलवली फक्त.
चौथी विशी भरली, बोट उचललं.

रात्री न्हाणीत ओली फिल्म दिव्यासमोर धरली.
निगेटिव्हवर पाणी काळं,
पिंजलेल्या काळ्या लोकरीसारखं.
नार्गिझा नाही. गाय नाही.
काठी तेवढी आलीय, खडकाला टेकवून विसरलेली,
पण पुरती नाही, पाऊणच;
तिच्यातून मागचा खडक दिसतो.

उद्या नेऊन द्यायला हवी,
ओतिया स्वतःशी म्हणाला,
आणि फिल्मला चिमटा लावला.